तीन नंबरचा पाय

माझ्या हाताला घाम येतो, असं एका कारखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे. सही-शिक्क्यासकट. लोकांना नोकरी सुटताना अनुभवाचा दाखला मिळतो, मला घामाचा मिळाला. तो कागद मी अजून फाडलेला नाही. फाडला असता तर लोक म्हणाले असते, बघा, खरं होतं म्हणूनच फाडला.

मी जया. धारच्या बाजारात आमचं दुकान आहे, पाटीवर 'मानाजी घड्याळवाले' असं लिहिलेलं. मानाजी म्हणजे माझे वडील. मी त्यांना दादा म्हणते. आई मी नववीत असताना गेली आणि भावंडं नाहीत, त्यामुळे घर म्हणजे आम्ही दोघंच. पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं हे घराणं आधी बंदुकांचे घोडे दुरुस्त करायचं, फौज गेल्यावर घड्याळांवर आलं. दादा माणसाला एकाच मापानं मोजायचे: हात नेटका आहे की नाही. माणूस दारू पितो, बायकोशी भांडतो, चालेल. पण स्क्रूची खाच खराब केली की तो त्यांच्या लेखी संपला. आणि माझ्याबद्दल ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरीचा हात माझ्यापेक्षा नेटका आहे." मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून घड्याळं उघडत होते. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की तेच माझं नाव आहे असं मला वाटायचं.

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून मी पंच्याण्णव साली देवासला नोकरीला लागले. राहायची सोय मावशीकडे होती. विश्वासरावांचा छोटा कारखाना, वीस-बावीस माणसं. मंडीत धान्याचा ओलावा मोजायला लागतात ते मीटर आम्ही बनवायचो. मालक विश्वासराव असले तरी कारखान्याचं डोकं मोरोपंत होते. सत्तरच्या सालात साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले, शिक्षण जेमतेम, पण सर्किट बघून ते कुठं आजारी आहे हे वैद्यासारखं सांगायचे. सगळे त्यांना पंत म्हणत. मला त्यांनी जे शिकवलं ते आयटीआयच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. हे मी आजही नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

मीटरचं काम सांगायला सोपं आहे. पितळी वाटीत सोयाबीन भरायचं, वरून स्क्रूनं दाबायचं आणि त्यातून वीज सोडून बघायची. ओला दाणा वीज जाऊ देतो, सुका अडवतो. किती गेली त्यावरून ओलावा किती टक्के ते आकड्यात दिसतं. बाराच्या आत असेल तर माल घ्यायचा, वर गेला तर परत. अडचण अशी की खरोखर सुका दाणा जवळजवळ काहीच जाऊ देत नाही. जी थेंबभर जाते ती ओळखायचं काम आठ पायांच्या एका काळ्या आयसीकडे असतं. ऑप-अँप म्हणतात तिला. दाण्याची वीज तिच्या तीन नंबरच्या पायातून आत जाते.

पुस्तकात लिहिलेलं असतं की ही आयसी स्वतः इनपुटमधून वीज घेतच नाही. पंत हे वाचून हसायचे.

"पुस्तकवाल्यानं ती कधी हातात धरलेली नाही," म्हणायचे. "प्रत्येक आयसी थोडं पिते. सासरी आलेल्या जावयासारखं, नको नको म्हणत."

आमची जुनी आयसी बरीच पिणारी होती. त्यामुळे सुक्या दाण्याची थेंबभर वीज तीच गट्ट करायची आणि मीटर अंदाजे बोलायचा. सत्त्याण्णवला पंतांनी मुंबईहून नवीन आयसी मागवल्या. त्या जवळपास काहीच पीत नव्हत्या. त्यांच्यावर पंतांनी नवा मीटर उभा केला, जो सुक्यातल्या सुक्या दाण्याचंही खरं सांगेल. पण जी स्वतः काही पीत नाही तिला दुसऱ्यानं सांडलेला थेंबही कळतो. तीन नंबरच्या शेजारी चार नंबरचा पाय, त्यावर बॅटरीची उणे बाजू. दोघांत दोन मिलिमीटरसुद्धा अंतर नाही. मधे काही ओलसर आलं की वीज त्या वाटेनं सरकते आणि आयसी समजते की दाणाच ओला आहे.

पंतांनी हे मला करून दाखवलं होतं. वाटीत दाण्याऐवजी एक ठरलेला रेझिस्टन्स लावला. आकडा नऊवर उभा राहिला. मग म्हणाले, "आता आयसीवर हळूच श्वास सोड." मी सोडला. नऊचे अकरा झाले, अकराचे चौदा. मी घाबरून मागं सरले.

"हा तुझा श्वास मोजतोय, बेटा," ते म्हणाले. "दाण्याचं त्याला काही पडलेलं नाही. म्हणून इथं बोट लागता कामा नये, फ्लक्स राहता कामा नये, धूळ नको, काही नको."

नव्या मीटरचे पहिले बारा नग बदनावरच्या मंडीत जायचे होते. त्यांच्या इनपुटचे सोल्डरिंगचे टाके फक्त मी मारायचे, असं पंतांनी ठरवलं. वीस माणसांत मी एकटी. मी बोटांना रबरी टोप्या घालून टाके मारले. सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स ब्रशनं, स्पिरिटनं तीन-तीनदा धुतला, दिव्याखाली वाळवला. आश्विनातल्या अष्टमीला बाराही मीटर तपासले. बाराही नऊवर उभे. रजिस्टरमध्ये लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवशी मी मावशीकडे दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची आणि ती पंतच करायचे. लेथ, ड्रिल, सोल्डरिंगच्या गन, मल्टिमीटर, विश्वासरावांची स्कूटर, सगळं मांडलेलं. पंतांचा एक नेम होता. बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावणं त्यांना पटत नसे. यंत्राचा जीव जिथं आहे तिथं लागलं पाहिजे, असं ते म्हणत. म्हणून पूजेसाठी मीटरची झाकणं काढलेली. पंतांनी ओल्या अनामिकेनं बाराही आयसींना गंध लावलं, वर हळद, वर कुंकू, चार अक्षता, आणि झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं. ताट माझ्या हातात होतं. तीन नंबरच्या पायाजवळ उघडं बोट न नेणारी मी, ताट धरून हे सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, देवी, माझे मीटर नीट चालू देत. घाण म्हणजे फ्लक्स, घाम, धूळ. कुंकू घाणीत मोडतं हे कुणाच्या डोक्यात येणार? आदल्या वर्षीही असंच लावलं होतं आणि त्या बरंच पिणाऱ्या जुन्या आयसीला त्याची दखलही नव्हती.

दसऱ्याची सुट्टी गेली. टिळे वाळले. देवाचे टिळे कुणी पुसत नाही. पॅकिंगवाल्यांनी त्यावरच झाकणं बसवली.

बदनावरला विश्वासराव मला मुद्दाम घेऊन गेले. "हमारी बिटिया ने बनाया है," असं व्यापाऱ्यांना सांगायला त्यांना आवडायचं. सकाळचे साडेसात-आठ झाले असतील. गवतावर दंव होतं, ट्रॉल्यांवरच्या ताडपत्र्या ओल्या होत्या. सोयाबीनचे ढीग पडलेले आणि भोवती शंभर-दीडशे माणसं. मी पहिली वाटी भरली, स्क्रू दाबला. आकडा पंधरावर गेला. मला वाटलं ढीग ओला असेल. दुसरा ढीग घेतला, सोळा. तिसरा, साडेपंधरा. दुसरा मीटर काढला. तोही तेच.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ढिगातून दाणा उचलला आणि दाताखाली धरला. कट्कन आवाज झाला. दाण्याच्या दोन फाका त्यानं माझ्या तळहातावर ठेवल्या.

"देख बेन," तो म्हणाला, "सूखो दाणो असो बोले. थारी मशीन झूठी हे."

मग मागून एक जण ओरडला, "अरे भिया, व्यापारियों की मशीन है, माल लौटाने वास्ते बनवाई है!" पुढं जे झालं ते सांगत बसत नाही. एक मीटर दगडावर आपटला. विश्वासरावांची कॉलर धरली. मला कुणी हात लावला नाही, पण माझ्याकडे बघून जे बोलले ते बोललेच. बारांपैकी एक फुटला. एक कुणीतरी व्यापारी आधीच सरदारपूरला घेऊन गेला होता. दहा आम्ही परत आणले.

देवासला पोचलो तेव्हा दुपारचं ऊन कडक होतं. मी हात न धुता मीटर टेबलावर ठेवला आणि ठरलेला रेझिस्टन्स लावला. नऊ. दुसरा लावला. नऊ. दहाही नऊवर उभे. मला रडू आलं. खराब मीटर खराब तरी दिसावा! विश्वासराव म्हणाले, "सकाळी भिजतो आणि दुपारी वाळतो. इसमें कुछ तो रह गया है." पंत चष्मा काढून पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दहाला पोचले तेव्हा पंत आधीच येऊन बसलेले. दहाही मीटर उघडे. समोर स्पिरिटची बाटली आणि कापसाचे पिवळे झालेले बोळे. त्यांनी एक बोळा चिमट्यात धरून मला दाखवला.

"फ्लक्स राहिला होता, जया."

मी बघितलं. पिवळा होता. स्पिरिटमध्ये फ्लक्स विरघळला की पिवळट होतो. हळदही होते, पण तेव्हा माझ्या डोळ्यांना फक्त माझे टाके दिसत होते. टिळे गायब आहेत हेही मला दिसलं नाही. मी म्हणाले, "पंत, मी तीनदा धुतलं होतं." ते म्हणाले, "धुतलं असशील. राहतं कधीकधी." आवाज मऊ होता. मला वाटलं, किती चांगला माणूस, रागवतही नाही.

शनिवारी विश्वासरावांनी सगळ्यांसमोर कागद दिला. निष्काळजीपणे सफाई, हाताला घाम येण्याची तक्रार, या कामास अयोग्य. घामाची तक्रार कुणी केली होती देव जाणे. मी पंतांकडे बघितलं. ते ड्रिलच्या टोकाला धार लावत होते, ज्याला कालच धार लावली होती. नोकरी गेली याचं दुःख झालंच, पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. दादांना काय सांगू? जया, तुझा हात नेटका नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकावं लागणार होतं.

रविवार मावशीकडे सामान बांधण्यात गेला. सोमवारी मी धारला आले. दादा भिंगातून एका लेडीज घड्याळात बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आलीस?" एवढंच म्हणाले.

का आलीस, किती दिवस, काही विचारलं नाही. म्हणजे बातमी आधीच पोचली होती. धार-देवास काही लांब नाही. मी रात्रभर उत्तरं जुळवली होती, ती तशीच राहिली. आठ दिवसांनी मी सवयीनं त्यांच्या शेजारी बसले आणि दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ हातात घेतलं. दादांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. हळूच, पण काढून घेतलं. त्या दिवशी मला जे समजायचं ते समजलं.

त्यांनी दुकानाच्या दाराशी मला वेगळं टेबल दिलं. मी तिथं रेडिओ, मिक्सर, स्टॅबिलायझर दुरुस्त करू लागले. दोन टेबलांत चार पावलं, आठ वर्षं. गिऱ्हाईक विचारायचं, "मानाजी, बिटियाचा हात कसा चालतोय?" दादा म्हणायचे, "ठीक." नेटका हा शब्द त्यांनी परत काढला नाही. इंदूरचं एक स्थळ तेव्हा जवळजवळ ठरलं होतं, ते त्यांच्या बाजूनं मोडलं. मुलाला नोकरीवाली हवी होती. पुढं एक-दोन आले, मला उत्साह नव्हता. मी काम करायचे आणि प्रत्येक टाका तीनदा बघायचे. मग चौथ्यांदा बघायचे. स्वतःच्या हातांवर पाळत ठेवून जगणं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. उन्हाळ्यात खरंच तळहाताला घाम आला की मला वाटायचं, हा बघा, लिहिलेलं खरं आहे.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात सरदारपूरहून अंशुल नावाचा एक व्यापारी आला. तिशीचा, मोबाईलवर बोलत बोलतच आत शिरला. पिशवीतून एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"दीदी, पापा के टाइम का मॉइश्चर मीटर है. कभी सही चला ही नहीं, पेटी में पड़ा रहा. बन जाए तो ठीक, नहीं तो फेंक दो."

डबा मी बघताक्षणीच ओळखला. बारावा मीटर. मी झाकण काढलं. टाके माझेच होते, चमकदार, गोल, एकसारखे. परक्या माणसाचं काम बघावं तसं मी ते बघितलं आणि ते चांगलं होतं. फार चांगलं होतं. मग आयसीच्या पायांशी नजर गेली. तीन आणि चारच्या मधे लालसर पिवळी खपली. खालच्या बाजूला एक तांदळाचा दाणा चिकटलेला, त्यावरही लाल.

मी अंशुलला बसायला सांगितलं. बॅटरी लावली, रेझिस्टन्स लावला. बाहेर पाऊस होता, हवा दमट. सोळा. मी खपली पुसली नाही. आधी भिंगातून नीट बघितली. कुंकू म्हणजे काय? हळद, चुना, टाकणखार. दमट हवेत ओल धरणारच. मग कापसाला स्पिरिट लावून तेवढीच जागा पुसली. कापूस पिवळा झाला. अगदी तसाच पिवळा. त्यावर मी साबणाचं बोट फिरवलं. धुण्यात हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. कापूस लाल झाला. फ्लक्स कधी लाल होत नाही.

जागा वाळवून परत बघितलं. नऊ.

"बन गया?" अंशुल म्हणाला.

"बिगड़ा ही नहीं था," मी म्हणाले. मग त्याच्यासमोर रडले. त्या बिचाऱ्यानं मोबाईल खिशात घातला. मीटर मी त्याच्याकडून मागून घेतला.

दादा पलीकडच्या टेबलावरून बघत होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला आधी पंतांना गाठायचं होतं. मग त्यांना हाताला धरून आणून दादांच्या समोर उभं करायचं होतं. त्यांच्याच तोंडून ते वाक्य यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून इंदूरमार्गे देवासला गेले. पंत आता निवृत्त होते. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी बांधलेलं छोटं घर, दारात तुळस. त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, दार उघडलं. "अगं बाई, जया! किती वर्षांनी!" म्हणाल्या आणि पोहे करायला आत गेल्या. पंत झोपाळ्यावर बसले होते. मी मीटर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी लाल झालेला कापूस.

त्यांनी कापूस उचलला, बघितला, परत ठेवला. चष्मा काढला.

"त्याच सकाळी दिसलं होतं मला," ते म्हणाले. "झाकण उघडल्याबरोबर. म्हटलं, मोरोपंत, हे तुझंच काम."

"आणि पुसलंत."

"पुसलं."

"आणि मला बोळा दाखवून फ्लक्स म्हणालात."

"अडीच वर्षं राहिली होती निवृत्तीला. बदनावरला मालकाची कॉलर धरली गेली होती. कुणाचं तरी नाव जाणारच होतं." ते थांबले. "आणि सांगू काय? पूजेच्या कुंकवानं मीटर बिघडला, हे त्या कारखान्यात उभं राहून म्हणायची हिंमत मला झाली नाही. पुढच्या नवमीपासून मी डब्यालाच लावायला लागलो. नव्या बोर्डावर तीन नंबरच्या पायाभोवती तांब्याचं कडंही घातलं, सांडलेली वीज बाहेरच अडवायला. मग कधी तक्रार आली नाही."

म्हणजे मीटर सुधारले. बोर्ड सुधारले. पूजासुद्धा सुधारली. तेवढी जया राहिली.

मला संताप आला. हा माणूस मला श्वाससुद्धा मोजायला शिकवणारा. माझ्या आयुष्यात दादांनंतर कुणाला मानलं असेल तर याला. यमुनाबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, आमचे चेहरे बघून बश्या ठेवून परत गेल्या.

"कारखाना गेला खड्ड्यात," मी म्हणाले. "मला नोकरी नको, कागद नको, माफी तर नकोच. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर धारला चला. माझ्या दादांसमोर उभे राहा आणि सांगा की जयाचा हात नेटका होता. एवढंच. मग परत या आणि खुशाल झोपाळ्यावर बसा."

पंत मान हलवत राहिले. "त्याची जरूर नाही, जया."

"तुम्हाला नसेल. मला आहे. आठ वर्षं ते मला एक घड्याळ उघडू देत नाहीत!"

"अगं, जरूर नाही म्हणतोय मी." आवाज एकदम खाली गेला. "त्यांना ठाऊक आहे."

मला वाटलं, म्हातारा सुटका करून घेतोय.

"तुला कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी धारला गेलो होतो. तू मावशीकडे होतीस. सगळं सांगितलं त्यांना, जसं तुला आत्ता सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही. म्हटलं, मानाजीराव, तुम्ही म्हणाल तर उद्याच्या उद्या मालकासमोर कबूल होतो. त्यांनी चहा दिला मला. म्हणाले, राहू द्या."

मी मीटर पिशवीत टाकला आणि उठले. पोह्यांना हात लावला नाही. परतीच्या बसमध्ये मला खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही. एकच आठवतं. मी मनात पंतांना खोटं ठरवत होते. पंत खोटे ठरावेत म्हणून देवाला हात जोडत होते. ज्या माणसानं मला बुडवलं तोच आता खरं बोलतोय असं मानायचं, तर मग घरी जायचं कुणाकडे?

दुकानात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दादा एकटेच होते. भिंग डोळ्याला, समोर एक उघडं घड्याळ. माझी पिशवी बघून त्यांनी भिंग काढलं.

"कुठं गेली होतीस?"

"देवासला. पंतांकडे."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. आणखी काही विचारायची गरजच राहिली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं. तरी मी विचारलं.

"ते इथं आले होते?"

"आले होते."

"सगळं सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही राहू द्या म्हणालात."

दादांनी आपल्या हातांकडे बघितलं. त्यांचे हात आदल्या वर्षापासून कापायला लागले होते.

"इतका मोठा माणूस, वयानं वडील, आपणहून आला," ते म्हणाले. "या इथं खाली वाकून माझे पाय धरायला लागला. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? त्याचं घर त्या नोकरीवर होतं. तुझं लग्न ठरत आलं होतं. तू आज ना उद्या ती नोकरी सोडणारच होतीस."

"मग मला घड्याळं का दिली नाहीत? माझ्या हातातून काढून का घेतलीत?"

"तुझे हात बघवत नव्हते मला."

मी आठ वर्षं चार पावलांवर बसून जे मोजत होते ते माझ्या हातांतलं नव्हतंच. दादांना माझी लाज वाटते असं मी धरून चालले होते. त्यांना स्वतःची वाटत होती, आणि ती त्यांनी मला वाहू दिली. पंत निदान घाबरले होते. दादांनी माझं नाव चहाबरोबर, अदबीनं, घरी आलेल्या पाहुण्याला देऊन टाकलं होतं. मला ओरडायचं होतं, पण बाजार चालू होता आणि समोरचा कापडवाला बघत होता. आमच्या घरात अशा वेळी ओरडत नाहीत.

"मला एकदा विचारायचं तरी होतंत, दादा," मी म्हणाले. "नाव माझं होतं."

दादांनी चिमटा परत उचलला.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले.